बॅटरीचा सोमवार

हणमंतप्पांना बूड टेकून बसायची सवयच नव्हती. नळदुर्गात उभा जन्म भुसार दुकान चालवलं, तेही उभ्या उभ्याच; गिऱ्हाईक असलं की काट्यापाशी, नसलं की दारात. गुडघ्यांनी पार जवाब दिला तेव्हा दुकान भाड्यानं देऊन ते घरी आले, आणि तेव्हापासून घराची दैना सुरू झाली. डबे जागचे हलले, धडधाकट नळाचे वायसर बदलले गेले. महानंदाबाईंवर स्वतःच्याच स्वयंपाकघरात "अहो, मीठ कुठं ठिवलाव?" असं नवऱ्याला विचारायची पाळी आली.

अशा माणसाच्या हवाली त्यांच्या लेकानं एक लाल स्पोर्ट्स कार केली. गौरीशंकर बंगळूरला नोकरीला होता. दोनच माणसांची, छत मागं दुमडणारी, जमिनीला घासून चालणारी ती गाडी त्यानं मोठ्या हौसेनं जुन्यात घेतली होती. मग कंपनीनं त्याला जर्मनीला धाडलं. भाड्याचं घर सोडलं, सामान मित्राकडं टाकलं, पण गाडी कुणाकडं टाकायला जीव होईना. शेवटी ती चालवत नळदुर्गला आणली, पूर्वी सोयाबीनची पोती लागायची त्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली आणि जाताना म्हणाला, "आप्पा, अधूनमधून सुरू करत जावा. तेवढी बॅटरी उतरू देऊ नका."

अधूनमधून काही करणं हणमंतप्पांच्या स्वभावात नव्हतं. ते रोज गाडी सुरू करायचे. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली, कपाळावर विभूती ओढली, की थेट शेड. त्या खोलगट सीटवर बसताना गुडघे कुरकुरायचे आणि उठायला महानंदाबाईंचा हात लागायचा. दोन मिनिटं इंजिन गुरगुरू द्यायचं की बंद, उगं पेट्रोल कशाला जाळा. रविवारी लेकाचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गाडी सुरू केली का?" हणमंतप्पा फोन सायलेन्सरपाशी न्यायचे आणि म्हणायचे, "ऐक." तिकडं लेक खूश. मग अव्वाची, म्हणजे आईची चौकशी, गुडघ्यांची चौकशी, पाऊस, गावात कोण गेलं, कुणाचं लग्न जमलं. तो एक फोन आठवडाभर पुरवायचा असायचा. तो पुरत नसे. बुधवारपासूनच हणमंतप्पा कॅलेंडरसमोर घुटमळायला लागायचे.

हमरस्त्यावरच्या या गावात अमावस्येला गाड्या धुऊन पुजायचा रिवाज आहे. ट्रक असो की टमटम, नारळ फुटतो, लिंबू-मिरची बदलली जाते. लाल गाडी तरी त्यातून का सुटावी? हणमंतप्पांनी ती धुतली, बॉनेटवर विभूतीची बोटं ओढली, शोभेला गाडीचे दिवे लावले आणि ओवाळून झाल्यावर दिवे बंद करायचे विसरून जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी गाडी ढिम्म. खरं तर रोजच्या त्या दोन मिनिटांनी बॅटरी आधीच पोखरली होती. सुरू करताना जेवढा करंट खर्च होतो तेवढा भरून निघायला गाडी चांगली लांबवर पळावी लागते, हे हणमंतप्पांच्या गावीही नव्हतं.

स्टँडजवळचा बॅटरीवाला बसप्पा केबल घेऊन आला. बॉनेटखाली बघतो तर बॅटरी नाहीच. ती मागं डिकीत होती, डिकी बटणानं उघडायची आणि बटणाला करंट लागायचा. दोघं गाडीभोवती फिरत राहिले. शेवटी हणमंतप्पांनी लेकाला फोन लावला. रविवार नसताना लावलेला हा पहिलाच फोन. रिमोटच्या पोटात एक लोखंडी किल्ली आहे आणि नंबर प्लेटच्या वर तिचं भोक आहे, असं त्यानं सांगितलं तेव्हा डिकी उघडली. बॅटरी फुगली होती. बसप्पानं मान हलवली. "सावकार, ही गेली."

आता नवी कुठली घ्यायची? हणमंतप्पांचं तत्त्व साधं होतं, घ्यायची तर मोठी घ्यायची. बसप्पाचंही मत तेच, कारण त्याच्याकडं ट्रॅक्टरच्याच होत्या. "हीच बसवा. पुन्ना बघायचं काम न्हाय." ती खड्ड्यात मावेना. तिरकी करून कशीबशी टेकवली तर प्लसचं टोक भलत्याच बाजूला, वायर तिथवर पोचेना. बसप्पा म्हणाला, वायर वाढवून देतो. हणमंतप्पा हो म्हणाले खरे, पण हातातला पाना खाली ठेवेनात. वायर तापली तर? पोराची गाडी पेटली तर त्याला काय तोंड दाखवायचं? त्यांनी बसप्पाला थांबवलं.

मग दोन दिवस फोनवर फोन. गौरीशंकर ऑफिसातून, रस्त्यावरून, स्वयंपाक करता करता समजावत होता. मोठी नको, जुनीच्याच मापाची पाहिजे. प्लस त्याच बाजूला पाहिजे. एजीएम म्हणतात ती, पूर्ण बंद असलेली. तिच्यात पाणी घालायचं नाही. आणि बॅटरी बंद डिकीत असते म्हणून तिचा गॅस बाहेर न्यायला एक रबरी नळी असते, ती न विसरता जोडायची. हणमंतप्पांना पहिल्याच खेपेला कळलं होतं. तरी ते म्हणायचे, "नळीचं पुन्ना सांग बरं." त्या दोन दिवसांत ते घरभर असे भिरभिरत होते की महानंदाबाईंना वाटलं, या माणसाला बॅटरी गेल्याचा आनंदच झालाय.

सोलापूरहून बॅटरी आली. बसप्पानं ती बसवली, नळी जोडली, मायनस शेवटी आवळला, आणि गाडी गुरगुरली. चार दिवसांनी लेकानं मागवलेला एक चार्जरही आला. तो कायम लावून ठेवायचा; बॅटरीला लागेल तेवढंच पाजायचा आणि पोट भरलं की थांबायचा. वर घरच्या वायफायवरून बॅटरीची खुशाली थेट जर्मनीत लेकाच्या फोनवर कळवायचा आणि बंद पडला की तिथं अलार्म वाजवायचा. "आता रोज सुरू करू नका," गौरीशंकर म्हणाला. "तुमची कटकट मिटली, आप्पा."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. मेसेज आला, 'बॅटरी फुल्ल', आणि पुढं एक अंगठा. त्याच्या पुढच्या रविवारीही अंगठाच. हणमंतप्पांनी तो महानंदाबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "कामात असंल पोरगं." हणमंतप्पा शेडमध्ये गेले, परत आले, पुन्हा गेले. तिथं करायला काहीच उरलं नव्हतं. चार्जरचा हिरवा दिवा रात्रंदिवस जळत होता आणि त्याचा त्यांना मनस्वी राग आला.

सोमवारी पूजेवरून उठताना त्यांच्या मनात आलं, ही बॅटरी एकसारखी जुंपलेलीच आहे. त्यांच्या वडिलांच्या शेतात सोमवारी बैलाच्या मानेवर जू चढत नसे. पेरणी खोळंबली तरी बेहत्तर, वार बसवण्णाचा, नंदीचा. दुकानातला मोठा काटासुद्धा हणमंतप्पा त्या दिवशी बंद ठेवत. मग गाडीच्या बैलानं काय पाप केलंय? त्यांनी शेडमध्ये जाऊन प्लग उपसला. हे सगळं अगदी मनोभावे केलं, त्यात लबाडी नव्हती.

जेवायच्या वेळेला फोन खणखणला. "आप्पा, चार्जर बंद दिसायलाय. काय झालं? लाईट गेली का?"

"न्हाय. आज सोमवार हाय. सुट्टी दिली तिला."

गौरीशंकर हसत सुटला. बॅटरी थकत नसते, उलट अशा बंद पडण्यानंच खराब होते, असं त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. मग आजोबांच्या बैलांची गोष्ट निघाली, त्यातून शेताची, त्यातून अव्वाच्या खिचडीची. भात निवून गेला. प्लग परत लावताना हणमंतप्पा चक्क गुणगुणत होते.

पुढच्या सोमवारी त्यांनी पुन्हा प्लग काढला. त्यात भक्ती किती आणि बाकीचं किती, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. फोन आला. त्याच्या पुढच्या सोमवारीही आला. आता ते सोमवारी दाढी करून, धुतलेला सदरा घालून फोनजवळ येरझाऱ्या घालायला लागले. महानंदाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "नंदीला सुट्टी अन् मालकाला सण." हणमंतप्पांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

आणि मग एका सोमवारी लेक मोठ्या मायेनं म्हणाला, "आप्पा, तुमी वार पाळताव ते चांगलंच हाय. एका दिवसानं बॅटरीचं काय बिघडत न्हाय, म्या विचारून घेतलंय. सोमवारचा अलार्म बंद केलाय मी. आता तुमी खुशाल सुट्टी द्या. मी मधी मधी तरास देणार न्हाय."

हणमंतप्पा "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पोरानं बापाच्या श्रद्धेचा मान राखला होता.

प्लग काढूनही पुढचा सोमवार कोरडा गेला. त्यांनी फोनची रेंज बघितली, आवाज वाढवला, बसप्पाच्या दुकानावर जाऊन त्याला मुद्दाम फोन लावायला सांगितला. घंटी वाजत होती, फोन धड होता. संध्याकाळी त्यांनी प्लग लावला आणि न जेवता पडले. महानंदाबाईंनी ताट झाकून ठेवलं.

मंगळवारी पूजा उरकून ते शेडकडं निघाले. महानंदाबाई दारात होत्या. "आज मंगळवार हाय," त्या म्हणाल्या.

"ठावं हाय," म्हणत त्यांनी प्लग उपसला आणि वायरीची गुंडाळी करून खिशात घातली.

फोन आला तेव्हा लेकाच्या आवाजात घाई होती. मागं कुठलीतरी रेल्वे सुटल्याचा भोंगा ऐकू येत होता. "आप्पा, मंगळवारी कसं काय बंद? बॅटरीला काय झालं?"

हणमंतप्पांनी उत्तर तयार ठेवलं होतं, लाईटचं. ते तोंडातून निघेना.

"बॅटरीला काय झालं न्हाय," ते म्हणाले. "मला करमंना झालंय, शंकर."

पलीकडं स्टेशनवर त्याची गाडी फलाटाला लागल्याचा गलका उठला. मग गौरीशंकर म्हणाला, "थांबा आप्पा. ही गाडी जाऊ दे. मी बाकावर बसतो."