पान चव्वेचाळीसवरचा फोटो

विजयमालावहिनी माने दांडिया बाजारातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात नऊ वर्षं काम करत होत्या. त्यांचे यजमान माझे मित्र. ते गेले तेव्हा वहिनींना टाइपरायटर तेवढा येत होता. कॉम्प्युटर त्या माझ्या दुकानातच शिकल्या, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरं शिकल्या. मराठी टाइप करताना त्यांना कीबोर्डकडे बघावंही लागत नसे. फोटोंशी मात्र त्यांचं जन्मात पटलं नाही. वर्डच्या फाइलमध्ये फोटो घालायचा म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या.

२००३ साली आमच्या समाजाच्या मंडळाची वधूवर पुस्तिका दुकानात आली. शंभरावर मुलंमुली, प्रत्येकाची माहिती आणि शेजारी फोटो. मेळावा रविवारी. शुक्रवारी पाचच्या आत सीडी छापखान्यात पोचली नाही तर पुस्तिका निघणार नव्हती. आणि वहिनींना ती निघायला हवीच होती, कारण तिच्यात त्यांची मिताली होती.

मिताली सव्वीस वर्षांची, शाळेत विज्ञान शिकवायची. एकविसाव्या वर्षी तिच्या हनुवटीवर कोड उमटलं, मग डाव्या डोळ्याशी. दोन वर्षांपूर्वी वहिनींनी डभोईच्या एका स्थळाला कोड येण्याआधीचा फोटो पाठवला होता. ती माणसं आली, मुलीला बघितलं आणि "आम्हाला फसवलंत" म्हणत चहाला हातही न लावता उठून गेली. त्यानंतर मितालीनं आईकडून कबूल करून घेतलं, की यापुढे आजचाच फोटो जाईल. या खेपेला तिनं स्वतः स्टुडिओत जाऊन, पावडरसुद्धा न लावता, नवा फोटो काढून आणला. हा छापला नाही तर मी मेळाव्याला येणार नाही, असं तिनं बजावलं होतं.

शुक्रवारी अकरा वाजता मंडळाचे सेक्रेटरी दत्ताजीराव उगवले. फाइल तयार होती, आडनावांच्या क्रमानं लावलेली. तर म्हणे हा क्रम चालणार नाही. संस्थानाच्या जुन्या दरबारात ज्याचे आजोबा ज्या रांगेत बसायचे, त्या मानानं घराणी लागली पाहिजेत. तशी यादीच त्यांनी आणली होती. दरबार उठून पन्नासावर वर्षं झाली, नातवंडं फॅक्टरीत नाहीतर मोबाइलच्या दुकानात लागली, पण यांची रांग काही मोडत नाही! मी चार शब्द सुनावणार होतो, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "करते मी." लग्नाच्या मुलीची आई सेक्रेटरीशी भांडत नाही.

दोनपर्यंत त्यांनी सगळा मजकूर कापून नव्या जागी चिकटवला. मग पहिल्या पानावर जाऊन बघतात, तर नावं हलली होती आणि फोटो जिथल्या तिथे. यादीत पहिल्या असलेल्या हिंमतरावांच्या सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष नातीशेजारी एक दाढीवाला इंजिनिअर बसला होता. एक फोटो ओढून जागेवर आणावा, तर पुढच्या पानावरचे दोन उडून भलतीकडे जायचे. वहिनींनी केलेलं मागे फिरवायचा प्रयत्न केला, तर मशीनच अडकून बसलं. त्यात छापखान्यातून नयनाबेनचा फोन. "पाच वाग्या सुधीमां आपी देजो हं, पछी मशीन बीजा कामे लागशे." पाचनंतर मशीन दुसऱ्या कामाला लागणार, सीडी त्याआधीच हवी होती.

फोन ठेवला आणि वहिनींना रडू फुटलं. "भावजी, मी बुडवली हो पुस्तिका. मितालीसाठी आता दुसरं काही राहिलं नाही."

मितालीला कॉम्प्युटर चांगला येतो एवढं मला माहीत होतं, म्हणून वहिनी तोंड धुवायला मागे गेल्या तेवढ्यात शाळेत फोन करून तिला बोलावून घेतलं. ती येईपर्यंत नावं आणि फोटो जुळवावेत म्हणून मी फोटोंची पाकिटं काढली. प्रत्येक फोटोच्या मागे नाव लिहिलेलं होतं. मितालीच्या पाकिटात नवा फोटो तसाच पडलेला. पडद्यावर मात्र कोड नसलेली, वीस वर्षांची मिताली हसत होती.

"वहिनी, हे काय?"

"राहू द्या ने, भावजी. नवा बघून कोणी आमच्या टेबलापाशीसुद्धा येणार नाही. एकदा भेटतील, बोलतील, मग कळेल त्यांना पोरगी कशी आहे ती."

"आणि तिला कळलं म्हणजे?"

"पुस्तिका हातात पडेपर्यंत कुठे कळतंय!"

मिताली एव्हाना रिक्षात बसली होती. तसं मी वहिनींना सांगितलं. स्कॅनर हाताशी होता, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

साडेतीनला मिताली आली आणि पाच मिनिटांत तिला दुखणं सापडलं. "आई, फोटो परिच्छेदाला बांधलेला असतो. तू अक्षरं उचललीस, परिच्छेदाच्या शेवटची खूण मागेच राहिली. म्हणून फोटोही मागे राहिला." मग मी नावं वाचत गेलो आणि ती एकेक फोटो आपल्या माणसाशेजारी आणून बांधत गेली. "आपलं पान मी करते," असं वहिनी दोनदा म्हणाल्या. मितालीनं लक्ष दिलं नाही.

पान चव्वेचाळीसवर, स्वतःच्या नावापाशी, तिचा हात थांबला. तिनं माझ्यासमोरच्या पाकिटातला नवा फोटो घेतला, स्कॅन केला, जुना पुसला आणि त्या जागी नवा आणला. पडद्यावर आली बोटभर पट्टी. नुसता ड्रेसचा गळा.

"चेहरा कुठे गेला?" वहिनी घाबरल्या.

"आहे तिथेच. ओळीची उंची तू बांधून टाकलीस, तेवढ्यात तो मावत नाही." ती खुर्चीवरून उठली. "बस. आता तू बसव."

वहिनी बसल्या. मिताली सांगेल तशी त्यांनी ओळीची उंची मोकळी केली आणि चेहरा उघडला. केवढा तरी मोठा, हनुवटीवरचा आणि डोळ्याजवळचा डाग अगदी समोर. तो लहान करायचा, मजकूर बाजूनं वळवायचा, ओढून नावाशेजारी आणायचा. बघितल्याशिवाय हे करता येत नाही. गेल्या पाच वर्षांत वहिनींनी लेकीकडे इतकं टक लावून बघितलं नसेल. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांची कीवही येत होती, दोन्ही एकदमच.

पाचला दहा कमी असताना सीडी तयार झाली.

"रविवारी येशील ना गं?" वहिनींनी विचारलं.

"येईन. फोटो बसलाय ना बरोबर." मितालीनं पर्स खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि वळली. "लोक नको म्हणायचे, तेव्हा मी घरी यायचे, आई. आता कुठे जाऊ?"

पाच वाजत आले होते, म्हणून मी सीडी घेऊन छापखान्याकडे निघालो.