न मोजता उचललेला गोळा

"यावेळी तुम्हा दोघींना ॲडजस्ट करून घेऊ," असं दांडेकर म्हणाले, तेव्हाच मी ठरवलं की लालबागला जायचंच.

दांडेकर आमच्या क्लबचे कप्तान. क्लब म्हणजे गिरगावात चौपाटीजवळच्या एका मैदानाच्या कडेच्या मातीच्या काही पट्ट्या, दोन बाकं आणि वीसेक निवृत्त माणसं. खेळ पेटांक. मूळचा फ्रान्सचा. आमच्या एका सभासदाने पुदुच्चेरीहून येताना गोळ्यांचा संच आणला, आणि रोज संध्याकाळी गुडघ्यांविषयी बोलणारी मंडळी खेळायला लागली. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीवर रिंगण आखायचं, त्यात पाय जुळवून उभं राहायचं आणि एक छोटी लाकडी गोटी लांब टाकायची. तिला आम्ही सुपारी म्हणतो. मग पोलादी गोळे त्या सुपारीच्या जितके जवळ टाकता येतील तितके टाकायचे. ज्याचा गोळा सगळ्यात जवळ त्याला गुण, आणि आधी तेरा गुण करील तो संघ जिंकला. कोणी गोळा अलगद जवळ लावतो, कोणी समोरच्याचा लावलेला गोळा नेम धरून उडवतो. लहानपणी गोट्या खेळलेल्यांना याहून जास्त समजावायला नको.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे मुलींनी गोट्या खेळणं हे पापांच्या यादीत खोटं बोलण्याच्या थोडंसंच खाली होतं. त्यामुळे मला उडवता येत नाही, मी लावते. कुसुम राणे, माझी मैत्रीण, चार भावांच्या पाठची. ती उडवते. आम्ही दोघी पाऊसकाळ सोडून रोज खेळतो, पण कडेच्या अरुंद पट्टीवर, कारण मधली पट्टी पुरुषांची. असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून तर ते बदलतही नाही. बाहेरच्या क्लबशी सामना असला की तिघांचा संघ जातो, आणि आम्हा बायकांकडे चहा आणि बटाटेवडे येतात. यावेळी संघातल्या नेन्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसरे एक गृहस्थ मुलीकडे अमेरिकेला गेले, आणि लालबागच्या क्लबाने आमंत्रण तर दिलेलं. म्हणून ॲडजस्ट. कुसुम मला म्हणाली, "शैला, नीट खेळलो तर पुढेही घेतील. नाही खेळलो तर वडे तळायचे, आयुष्यभर." एवढंच पणाला होतं. तुम्हाला ते लहान वाटत असेल तर तुम्ही वडे तळलेले नाहीत.

रविवारी सकाळी मी आणि दांडेकर गिरगावच्या मेट्रो स्टेशनवर भेटलो. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, जाणाऱ्यांनी आधी वेळ बघून घ्यावी. जमिनीखालचं ते स्टेशन इतकं स्वच्छ आणि थंड आहे की आपण गिरगावातच आहोत यावर विश्वास बसत नाही. तपासणीच्या यंत्रातून माझी पिशवी गेली आणि पडद्यावर काळे गोल दिसले. रक्षक मुलीने पिशवी उघडायला सांगितली. दांडेकर पुढे होऊन तिला फ्रान्सचा इतिहास सांगायला लागले. तिने तो सगळा ऐकून घेतला आणि मला विचारलं, "आजी, हे फेकतात का?"

"फेकतात," मी म्हटलं, "पण माणसांवर नाही. अजून तरी."

ती हसली, तिने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी एक गोळा हातात घेऊन वजन पाहिलं आणि आम्हाला सोडलं. तुम्ही असलं काही घेऊन जात असाल तर दहा मिनिटं हाताशी ठेवा, आणि सोबतच्या पुरुषाला गप्प राहायला सांगा.

कुसुम आदल्या दिवशीच दादरला लेकीकडे राहायला गेली होती. ती तिथल्या मेट्रो स्टेशनबाहेर उभी होती, क्लबाचा टी-शर्ट घालून. टी-शर्ट पुरुषांच्या मापाचे शिवलेले, त्यामुळे तिचा गुडघ्यापर्यंत येत होता आणि बाह्या कोपराच्या खाली. ती म्हणाली की हात वर केला की बाही तोंडावर येते. दांडेकरांच्या मते आत खोचलं की काम भागलं असतं. आम्ही एका जुन्या उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पीयूष घेतलं. तिथे रविवारी बाहेर रांग असते, पण ती भराभर सरकते. मग टॅक्सी करून हिंदमातेला, कापडबाजारात उतरलो. दुकानांची शटरं नुकतीच वर जात होती. तिथे कुसुमसाठी पांढरा, अर्ध्या बाह्यांचा सुती कुर्ता घेतला. दुकानदाराने कशासाठी हवाय विचारलं, खेळायला म्हटल्यावर गरब्याचे कपडे दाखवायला लागला. बाहेर दांडेकर घड्याळाकडे बघत होते. मी सावकाश रंग बघितले.

हिंदमातेहून लालबाग पायीही फार लांब नाही, पण गोळे घेऊन मी तो शहाणपणा करणार नाही. पुलाखालून टॅक्सी वळली आणि मसाल्याचा वास आला. डंकांवर मिरची कांडली जात होती. दांडेकरांना सलग शिंका आल्या, आणि मला थोडं बरं वाटलं.

लालबागचं मैदान एका जुन्या गिरणीच्या भिंतीला लागून आहे. भिंतीपलीकडे काचेचा टॉवर, अलीकडे माती, बदामाचं झाड आणि त्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यांचे कप्तान तात्या परब, सत्तरी ओलांडलेले, अंगाने बारीक, आवाजाने भरदार. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे वडील गिरण्यांत होते. हे स्वतः कोणी बँकेत, कोणी महापालिकेत, कोणी टॅक्सीचे मालक. त्यांच्याकडे पुरुषांचाच संघ. बायका मागच्या बाजूला मोठ्या पातेल्यांशी. मी तिकडे बघितलं, तिकडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. एक जण म्हणाली, "तुमी खेळणार? साडीत?" मी म्हटलं, साडी मी रोज नेसते, तिला सवय आहे.

खेळ सुरू झाला आणि एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक डाव संपला की गोळे गोळा करायचे असतात. प्रत्येकाने आपापले. तात्या मात्र धावत येऊन माझे आणि कुसुमचे उचलून आणून देत. दांडेकरांचे नाही. दोनदा मी त्यांना नको म्हटलं. ते म्हणाले, "तुमी कित्याक वाकतास? मी उचलतंय मा." आणि स्वतः वाकताना त्यांच्या गुडघ्यातून जो आवाज यायचा तो मला रिंगणात ऐकू येत होता. माणूस वाईट नव्हता. म्हणून तर त्यांना थांबवणं कठीण होतं.

त्यांची माती आमच्यापेक्षा कठीण, गोळा पडला की पळतो. पहिल्या काही डावांत मी लावलेले गोळे सुपारीला नमस्कार करून पुढे जात होते. मग मी उंचावरून टाकायला लागले, तेव्हा ते जागच्या जागी बसू लागले. कुसुमने त्यांचे चांगले लावलेले गोळे उडवले. त्या ठण्ण आवाजाने पातेल्यांजवळच्या बायका एकेक करून झाडाखाली आल्या. दांडेकरही चांगले खेळले, हे सांगितलं पाहिजे. आम्ही मागे होतो, मग बरोबरीला आलो, मग दोन्हीकडे बारा झाले. शेवटचा डाव.

सगळे गोळे टाकून झाले. सुपारीजवळ दोन गोळे उरले, एक तात्यांचा, एक कुसुमचा. डोळ्यांनी ठरवता येत नव्हतं. अशा वेळी टेपने मोजायचं आणि तोवर कशालाही हात लावायचा नाही, हा या खेळाचा पहिला धडा. मी टेप काढायला पिशवीकडे गेले. वळून बघते तर तात्या कुसुमचा गोळा हातात घेऊन तिच्याकडे निघालेले. त्यांना वाटलं, तिचाच जवळ आहे, आम्ही जिंकलो. अभिनंदन करून गोळा द्यायला आले होते.

त्यांच्या संघातल्या एका सदऱ्यावाल्या गृहस्थांनी, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, हळूच सांगितलं की मोजलं नव्हतं. आणि न मोजता उचललेला गोळा बाद, मग तो कोणीही उचललेला असो. म्हणजे लालबाग जिंकलं. तात्यांचा चेहरा पडला. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, चूक आपली, गुण पाहुण्यांचा, गिरगाव जिंकलं. यावर आमचे दांडेकर म्हणाले की छे छे, नियम तो नियम, तुम्ही जिंकलात. तात्या म्हणाले, असं कसं. दांडेकर म्हणाले, असंच. दोघे पुरुष आमचा खेळ एकमेकांना आग्रहाने वाढत होते, पुरणपोळीसारखा. कुसुम रिंगणाशेजारी उभी होती आणि तिला कोणी काही विचारत नव्हतं. मग दांडेकरांनी हात पुढे केला, हार मान्य करायला.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. शाळेत आम्हाला आवाज न चढवता रागवायला शिकवलं होतं, त्याचा आयुष्यात बराच उपयोग झाला आहे.

"दांडेकर, हात खाली घ्या. तो गोळा कुसुमचा होता. हरली की जिंकली, ते तिला विचारा."

कुसुमने तात्यांच्या हातातून आपला गोळा घेतला, कुर्त्याला पुसला.

"तात्यानू, गुण फुकट नको," ती म्हणाली. "आणि फुकट घालवायचा पण नाय. सुपारी परत टाका."

मास्तरांनी नियम पुन्हा सांगितला. झाडाखालून एक बाई म्हणाली, "टाका ओ परत. जेवण काय पळून जातंय?" तात्यांनी तिच्याकडे बघितलं, मग सुपारी उचलली. बहुतेक त्यांच्या सूनबाई असाव्यात.

पुन्हा खेळलो. माझा दुसरा गोळा बरा लागला, सुपारीच्या किंचित डावीकडे. कुसुमने एक गोळा उडवला, दुसरा हुकला. मास्तरांनी शेवटचा टाकला, तो लांबून घरंगळत येऊन थांबला. सगळे जागच्या जागी राहिले. टेप माझ्या हातात होती. मीच वाकले, मीच मोजलं, दोन्ही बाजूंना दाखवलं. त्यांचा जवळ होता. तेरा-बारा, लालबाग. तात्यांनी आधी कुसुमशी हात मिळवला, मग माझ्याशी, मग दांडेकरांशी.

त्यांच्याकडे पद्धत आहे, हरलेल्यांना जिंकलेले वाढतात. कोंबडी-वडे, सोलकढी, आणि दांडेकरांसाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं. पैसे घेत नाहीत, विचारलं तर रागावतात. तुम्ही गेलात तर मिठाई न्या. मास्तर माझ्या पानात वडा वाढताना म्हणाले की नियम त्यांचाच बरोबर होता. मी म्हटलं, होता, आणि अजून एक वाढा. सूनबाईंनी जेवणानंतर एक गोळा हातात घेऊन बघितला, आणि कुसुमने तिला पाय कसे ठेवायचे ते दाखवलं. पदर खोचून तिने टाकला तो गोळा पार बदामाच्या झाडाला लागला. तात्या म्हणाले, झाड आधीपासून आहे, जरा बघून.

येताना मसाला आणि चिवडा घेतला. रविवारीही तिथली दुकानं चालू असतात, पण दुपारी जाऊ नका, डोळे झोंबतात. परतीची टॅक्सी गिरगावपर्यंत केली. वाटेत दांडेकर म्हणाले, पुढच्या महिन्यात लालबागवाले आपल्याकडे यायचेत, तोवर नेन्यांचा डोळा बरा होईल. म्हणजे आमच्या दोघींतली एक परत वड्यांकडे. कुसुम खिडकीबाहेर बघायला लागली. मी म्हटलं, मग खेळून ठरवू. जागा तीन, माणसं चार.

"आपण काय भरती परीक्षा घेतोय का?" दांडेकर म्हणाले.

मी हो म्हटलं.

दोन आठवड्यांनी नेने काळा चष्मा लावून आले. त्यांना कोणीतरी आधीच सांगितलं होतं, आणि ते सरळ मधल्या पट्टीवर येऊन उभे राहिले. नवा डोळाही एकदा तपासून होईल, म्हणाले. कोणी विरोध करायचा तर आता नेन्यांनाच करावा लागला असता. एक रिंगण, एक सुपारी, प्रत्येकी तीन गोळे, त्यातला जवळचा धरायचा. बाकांवर जागा उरली नव्हती. कुसुमचा गोळा सुपारीला टेकला आणि बायकांच्या बाकावरून टाळ्या आल्या. नेने दुसरे. नवा डोळा उत्तम आहे. मग दांडेकरांचा गोळा आणि माझा. दांडेकरांनी टेप लावली, दोनदा मोजलं. माझा दोन बोटं मागे होता.

त्यांनी तिसऱ्यांदा मोजू का विचारलं. नको म्हटलं, मी बघितलं होतं. मग ते जरा बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाले, "शैलाताई, हवं तर मी बसतो. तुम्ही खेळा."

"जिंकलेली जागा देऊन टाकायची नाही, दांडेकर," मी म्हटलं. "तुमची ही सवय मोडा."

ते हसले. मला वाटतं पहिल्यांदाच.

लालबागवाले येतील तेव्हा कुसुम मधल्या पट्टीवर खेळेल. खाणं बाहेरून मागवायचं ठरलं आहे. तात्यांचा निरोप आला की त्यांच्याकडून सूनबाईही येणार, फक्त बघायला, असं ते म्हणतात. प्रवास म्हणाल तर गिरगाव ते लालबाग, अर्ध्या दिवसाचा, त्यात फारसं काही बघायचंही नाही. तरी जाऊन या. मी मात्र आता सकाळीही सरावाला जायला लागले आहे. दोन बोटं म्हणजे काही फार नाही.