काठ्यांचा सिनेमा

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत मागच्या बाकावर कॉलेजच्या तीन मुली हुज्जत घालत होत्या. सगळ्यात भीतीदायक सिनेमा कोणता? एकीला बाहुलीचा वाटे, दुसरीला रिकाम्या बंगल्यातला. माझ्या शेजारी पन्नाशीची एक बाई संत्रं सोलत होती. साल तुटू नये म्हणून अंगठा जपून फिरवत होती. मधेच ती मागे वळली.

“पोरीहो, म्या बी पाह्यला एक. त्यात एक चेटकीण असते. तिले पाहून टॉकीजातले लोकं वरडत होते, मले काही वाटलं नाही. पन शेवटी सारं गाव काठ्या घेऊन तिच्या दारात येते ना, तवा माहे हातपाय गार पडले.”

“कावून, मावशी?”

“आमच्या गावात लेकरं तापानं गेले, तवा असेच माह्या दारात आले होते. म्हने, तूच करनी केली.”

न राहवून मी विचारलं, “मग गाव सोडलं तुम्ही?”

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. “म्या कावून सोडू? घर माहं हाये. पोलीस आनले, केस लढली. आता तिथंच पिठाची चक्की चालवतो. पयली काठी ज्यानं उचलली, त्याच्या घरचं दळन बी माह्याच चक्कीवर येते.”

मूर्तिजापूरला ती ताठ मानेनं उतरून गेली. काठ्या उचलणाऱ्यांचं काय झालं, हे विचारायचं सोडून मी तिलाच गाव सोडलं का म्हणून विचारलं होतं. त्याची लाज अजून वाटते.