टाळाची किणकिण

शिवऱ्याच्या धनाजीचा कान तयार केला तो त्याच्या वडिलांनी, हरिबांनी. हरिबा देवळातल्या भजनात पखवाज वाजवायचे. धनाजीनं स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा काढला तेव्हा ते म्हणाले, "बटनं मागनं फिरव. आदी हितं बस."

दोन वर्षं तो दर एकादशीला भजनात बसला. कधी पखवाजाला अगदी खेटून, कधी लांब दाराशी. पखवाजाचा घुमारा दाराशी किती उरतो, टाळ वाजून गेल्यावरही त्याची किणकिण कशी रेंगाळते, हे कानात मुरलं. मग तसाच आवाज लागेपर्यंत तो बटणं फिरवायचा. धनाजीच्या स्पीकरवर माणूस समोर बसून गातोय असं वाटतं, असं पार वेल्ह्यापर्यंत लोक म्हणायचे.

पुढं वरातींना डीजे हवा झाला. धनाजीनं मोठे बॉक्स घेतले आणि आठ वर्षं त्यांच्याशेजारी उभा राहिला. कानात शिट्टी वाजायची. झोपलं की जाईल, असं म्हणून तो सोडून द्यायचा.

गेल्या वर्षी सप्ताहात हरिबा वाजवत असताना माइक किंचाळला. बायकांनी कान झाकले, लहान पोरं रडायला लागली. धनाजी मात्र बटणांवर हात ठेवून शांत उभा होता. हरिबांनी त्याच्याकडं पाहिलं, माइक बाजूला सारला आणि तसेच वाजवत राहिले.

घरी जाताना त्यांनी विचारलं, "कवापासनं?"

"दोन वर्सं झाली, आबा. बारीक आवाज येतच न्हाईत."

"आन् टाळ?"

धनाजीनं नाही म्हणून मान हलवली. हरिबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले. "सांगायचं तरी रं मला," म्हणाले आणि रडायला लागले. वडिलांना रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

गेलेलं परत येणार नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. धनाजीनं सगळे बॉक्स विकले.

हरिबा थंडीत गेले. तेराव्याला मंडळानं बिनमाइकचं भजन केलं. धनाजी टाळकऱ्यांच्या पुढ्यात बसला. टाळ एकमेकांवर पडताना दिसत होते, पण कानाशी नुसती टकटक येत होती. पखवाजावर मंडळातलाच चिमाजी होता. तो आवाज जाड, म्हणून नीट ऐकू आला. हात आबांचा नाही, एवढं त्याच्या कानाला अजून कळत होतं.