शटरआडचा भट्टीमास्तर

भट्टीमास्तरनं म्हणे दुसरं घर केलं होतं. तेही पोटाचं ऑपरेशन झाल्यावर, अंगावरचं मांस जरा उतरायला लागलं न लागलं तोच! सकाळी पावाच्या कारखान्यातून सुटला की हा गृहस्थ स्वतःच्या घराकडे वळतच नाही. तो फोटोवाल्या बाईच्या स्टुडिओत शिरतो, शटर खाली येतं, आणि दुपार कलल्यावर स्वारी केस सारखे करत बाहेर पडते. फोटोवाली विधवा, एकटी आणि वर हसरी. एवढ्या शिदोरीवर आमची गल्ली वर्षभर जगू शकते.

आता हा भट्टीमास्तर कोण, तर सकाळी आमच्या दारात येणारा पाव रात्री भाजणारा माणूस. हातात जादू आणि देह असा, की तो रिक्षात बसायला आला की रिक्षावाला आधी टायरकडे बघायचा. त्याची बायको शिवणकाम करते. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. सगळे तिला वहिनी म्हणतात. "यांच्या एका शर्टाच्या कापडात अख्खा वर्ग शाळेत जाईल," असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची आणि तोही मोठ्यानं हसायचा. मग गुडघे बोलायला लागले, रक्तातली साखर चढली, आणि झोपेत घोरता घोरता त्याचा श्वासच अडकायला लागला. सुट्टीच्या रात्री वहिनी अंधारात उठून बसायची आणि पुढच्या श्वासाची वाट बघायची. त्यानंतर तिनं शर्टाची थट्टा सोडली आणि नवऱ्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं दुर्बिणीतून ऑपरेशन करून त्याचं जठर एवढंसं करून टाकलं.

रजा संपवून मास्तर कामावर गेला आणि पहिल्याच रात्री आडवा झाला. कारखान्याची एक रीत आहे. पहिली लादी भट्टीतून निघाली की मास्तरनं तिचा कोपरा मोडून खायचा. त्याची मान हलल्याशिवाय एकही पाव गाडीत चढत नाही. त्या रात्री कणीक मळणाऱ्या दाढीवाल्यानं मोठ्या कौतुकानं गरम कोपरा मोडला, त्यावर लोणी थापलं, वर साखर भुरभुरली. मास्तरला पथ्य पाठ होतं: ताजा मऊ पाव नको, साखर तर मुळीच नको. पण सगळे हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघत उभे! भट्टीची रीत मोडायची कशी? त्यानं घास तोंडात टाकला. तो छातीतच बसला. मागोमाग घाम, धडधड, डोळ्यांपुढं अंधारी. मास्तर पिठाच्या पोत्यांवर कोसळला.

दाढीवाला रडकुंडीला आला. "मास्तर, माझ्या हातचं खाऊन काही झालं तर वहिनीला काय तोंड दाखवू?"

"तोंड नंतर दाखव," मास्तर पडल्या पडल्या म्हणाला. "आधी दुसरी लादी काढ. जळतेय."

दुसऱ्या रात्रीपासून रीत बदलली. मास्तर पाव उलटा करून बुडावर बोटानं टकटक करायचा. पोकळ आवाज आला की पाव भाजला. कोपरा दाढीवाल्याच्या तोंडात. "चावायचं तू, मान हलवायची मी," अशी वाटणी झाली. वहिनीनं एप्रनला दोन खोल खिसे शिवून दिले. एकात पाण्याची लहान बाटली, रात्रभर घोट घोट पिण्यासाठी. दुसऱ्यात डबी, तिच्यात उकडलेलं अंडं नाहीतर पनीर. खाताना पाणी नाही, घास पार बारीक होईपर्यंत चावायचा, चहा पाळी लागताना एकदा आणि मग पुन्हा नाव काढायचं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर जेवण गिळलं, तो आता अंड्याशी गप्पा मारत बसल्यासारखा खायचा. गोळ्या वेळच्या वेळी. सगळं कसं चोख!

तरी चेहरा उतरलेलाच. ट्रे उचलताना हात थरथरायचे. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अशक्तपणा असाच राहिला तर पुढच्या खेपेला रात्रपाळी बंद करायला सांगणार."

मास्तरच्या पोटात गोळा आला. त्या पोटात आता गोळ्याला तरी जागा कुठं होती! पाव काही दिवसा भाजत नाहीत. रात्रपाळी बंद म्हणजे भट्टी बंद, आणि भट्टीखेरीज या माणसाला दुसरं काही येत नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी खाण्याची सगळी उलटतपासणी केली. कुठं बोट ठेवायला जागा मिळेना. मग त्यांनी विचारलं, "आणि झोप?"

"झोपतो की," मास्तर म्हणाला.

"कधी?" वहिनी उसळली. "अहो बाई, समोर माझं मशीन, आत पोरांचा दंगा, आणि दारात जत्रा! पोट कापलेला माणूस बघायला येतात लोक. यांच्या आत्याबाई तर झोपेतून उठवून म्हणाल्या, शर्ट वर कर, टाके बघू दे!"

"मग गोळ्या काय कामाच्या?" बाई म्हणाल्या. "यांना दिवसा सलग झोप पाहिजे. गडद अंधार आणि शांतता. ते जमत नसेल तर रात्रपाळी बंद करा असं मीही सांगेन."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर सकाळी घरी दिसेनासा झाला, आणि गल्लीला ते शटर दिसायला लागलं.

हळूहळू मास्तरच्या गालांवर तुकतुकी आली. पट्ट्याला नवी भोकं पडली. चालताना गुणगुणायला लागला. झालं, आणखी पुरावा कशाला हवा? एके दिवशी आत्याबाई वहिनीकडे येऊन थडकल्या.

"अगं, मशीन थांबव. मन घट्ट कर."

"मशीन चालू असताना ऐकू येतं मला, आत्याबाई."

"तुझा नवरा रोज त्या फोटोवालीकडे जातो."

"बरं."

"बरं काय? शटर पाडून घेतात!"

"पूर्ण पडतं ना? मध्ये खालून फट राहत होती."

आत्याबाईंचा आ वासला. "अगं बाई, तुला काहीच कसं वाटत नाही? मी स्वतः शटरला कान लावून आले. आत चिडीचूप!"

वहिनीचं मशीन थांबलं. "चिडीचूप? घोरणंसुद्धा नाही?"

"कसलं घोरणं? सुई पडली तरी ऐकू येईल."

"अडकत अडकत श्वास घेतल्यासारखं काही?"

"काही म्हणजे काही नाही!"

वहिनीनं हातातल्या गणवेशात तोंड खुपसलं आणि ती हमसून हमसून रडली. आत्याबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रड, पोरी. मोकळी हो." आणि तिथून निघाल्या त्या थेट गल्लीभर सांगत सुटल्या: बिचारी कोसळली हो!

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी कागद दोनदा उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, "चालू द्या रात्रपाळी." वहिनीनं खुर्चीत मागं टेकून जो श्वास सोडला, तो तिनं कित्येक महिने धरून ठेवला होता. मास्तर त्या रात्री भट्टीपुढं पावांवर तबला वाजवत होता, असं दाढीवाला सांगतो.

शटरमागं काय चालायचं ते असं. स्टुडिओत फोटो धुण्याची जुनी खोली होती, आता कुणी वापरत नव्हतं. तिचे काळे पडदे वहिनीनंच शिवले होते, म्हणून तिथं केवढा अंधार असतो हे तिला ठाऊक होतं. मास्तर त्या खोलीत खाटेवर एकटा झोपायचा, आता न घोरता, श्वास न अडकता. बघ्यांना पत्ता लागू नये म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. फोटोवाली शटर पाडून मागच्या दारानं वहिनीकडे यायची आणि तिला कामात मदत करायची. आत्याबाई बोलत होत्या, तेव्हाही ती आतल्या खोलीत गणवेशांना बटणं लावत बसली होती.