दिंडोशीच्या डोंगरावरची भाजावळ

माझे सासरे श्यामकांत घाडीगावकर फार चांगले गृहस्थ आहेत, असं आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना कुठे बाबांबरोबर दोन खोल्यांत राहायचंय.

मूळचे कणकवलीकडचे. सतराव्या वर्षी परळच्या गिरणीत लागले, संपात नोकरी गेली, मग एका औषधांच्या गोदामात वीस वर्षं खोकी उचलली. कधी कुरकुर केली नाही, हे मी नाकारत नाही. पण हा माणूस मनाने गावच्या वाफ्यातून कधी उठलाच नाही. आमच्या इमारतीची मागची भिंत संपली की डोंगर सुरू होतो. भिंतीला एक भगदाड आहे. त्यातून पलीकडे जाऊन बाबांनी दोन चटयांएवढी जागा सपाट केली आणि तिथे दरवर्षी मूठभर भात लावायचे. कशासाठी, तर दसऱ्याला दारावर नव्या लोंब्या बांधायला. दादरला विकत मिळतात त्या त्यांना चालत नाहीत.

भात म्हटलं की भाजावळ आलीच. शिमगा झाला की वाफ्यावर पालापाचोळा आणि काटक्या पसरायच्या आणि पेटवून द्यायच्या. त्या राखेत रोप जोमाने येतं. कोकणात घरोघरी करतात, पण हे काही कोकण नाही.

माझ्या मुलीला, गार्गीला, दमा आहे. गेल्या वर्षी ती सात वर्षांची होती. उन्हाळ्यात आमचा डोंगर कुठे ना कुठे धुमसतच असतो. पूर्वी तबेल्यांच्या म्हशी गवत खायच्या. तबेले उठले, आता गवत कमरेएवढं वाढून वाळतं, आणि ऊन तर फेब्रुवारीतच भाजायला लागतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर टाळा. मी बाबांना बजावलं, या वर्षी भाजावळ नको.

"माका शिकवू नको गो," ते म्हणाले. "वारो कधी येता ता माका कळता. सकाळी पेटवतलंय, दुपारपर्यंत राख."

कळत होता, गावचा वारा. इथे मार्चमध्ये सकाळीच पूर्वेचा गरम वारा सुटतो, डोंगरावरून थेट आमच्या खिडक्यांत. इतकी वर्षं खिडकीत बसून या माणसाला तेवढं दिसलं नाही.

शनिवारी आठ वाजता ते भगदाडातून गेले. मी पोहे परतत होते. वास आला तशी मी गॅस बंद करून खिडक्या लावायला धावले. साडेआठपर्यंत वाफ्यावरची आग गवतात शिरली होती, नऊला अख्खा उतार पेटला होता. बंबाची नळी वर पोचेना. घरात धूर असा भरला की समोरचं कपाट दिसेना. गार्गी बोलायची बंद झाली. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. मी तिला उचलून रिक्षात घातलं. दोन दिवस ती ऑक्सिजनवर होती.

तिसऱ्या दिवशी तिला घेऊन परत आले तर खाली गर्दी. खाकीतला वनरक्षक आलेला आणि आमचे सेक्रेटरी नंदकुमार तावातावाने द्रौपदीकडे बोट दाखवत होते. द्रौपदी वरच्या पाड्यातली, आम्हाला रानभाज्या आणून देते. तिच्या डोक्यावर काटक्यांचा भारा, कमरेला काडेपेटी. झालं, एवढं पुरे होतं. ती बाबांकडे बघत होती. बाबा चपलेकडे बघत होते.

मी वाट पाहिली. देवाशपथ पाहिली. मग म्हटलं, "तिने नाही लावली. आमच्या बाबांनी लावली."

त्यांना जबाबाला नेलं. संध्याकाळी परत आले तेव्हा दारातच म्हणाले, "घरचा चव्हाट्यार मांडलंस."

"गार्गीचा श्वासपण घरचाच होता ना, बाबा?"

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. ताट वाढते, जेवतात. दसऱ्याला दार बोडकंच राहिलं.

या वर्षी त्यांनी भगदाडाकडे पाऊलही टाकलं नाही. डोंगर तरी तीनदा पेटला. पहिल्याच वेळी नंदकुमार चार जणांना घेऊन तरातरा वर आले.

"तुमचे सासरे कुठेत?"

"घरातच आहेत. सकाळपासून घरात आहेत."

"स्वतःहून कोण मान्य करतं, वहिनी? गेल्या वर्षी तुम्हीच सांगितलंत ना?"

मागे बाबा खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबत होते. गार्गी त्यांच्या पायाशी दम्याचं औषध देणाऱ्या मशीनचा मास्क लावून बसली होती. त्यांचे हात थांबले. ते मान खाली घालून उभे राहिले, मी काय बोलते ते ऐकत. मी त्यांना माफ केलेलं नाही, आजही नाही. पण मी तीन वेळा सांगितलं, यांनी लावली नाही. चौघांपैकी एकालाही ते पटलेलं दिसलं नाही.

गार्गीने मास्क बाजूला केला आणि विचारलं, "आजोबा, खरंच नाही ना लावली?"