खणात परत गेलेला अभिप्राय

युद्धाच्या दिवसांत मी नगरच्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. कागदावर नियंत्रण आल्यामुळे आठ पानांचा अंक चार पानांवर आला होता. त्या चार पानांत बाजारभाव, नगरपालिकेची सभा, सरकारी जाहिराती आणि सेन्सॉरच्या हातून सुटलेल्या बातम्या बसवायच्या असत. किल्ल्यात कोणते पुढारी कैदेत ठेवले आहेत हे गावात प्रत्येकाला ठाऊक होते. आम्हाला ते छापता येत नव्हते. चित्रपटांविषयी मात्र काहीही छापता येई. तिसऱ्या पानाच्या तळाला चित्रपटांचे सदर होते आणि ते माझ्याकडे होते.

ते सदर मी चित्रपट न पाहता लिहीत असे. अंक गुरुवारी छापला जाई, शुक्रवारी वाटला जाई आणि टॉकीजमधला खेळ शनिवारी बदले. शनिवारी येणाऱ्या हिंदी चित्रपटाविषयी गुरुवारी लिहायचे तर आधार एकच, गाण्यांची चोपडी. टॉकीजचे व्यवस्थापक ती दोन दिवस आधी पाठवत. चोपडीत गाणी असत, नटनट्यांची नावे असत आणि कथाही असे, पण अर्धीच. नायिकेवर संकट आले की कथा थांबे आणि खाली ओळ येई, ‘पुढे काय होते ते पडद्यावर पाहा’. पुढचे मी तर्काने लिही. संगीत श्रवणीय, मध्यंतरानंतर कथानक थोडे रेंगाळते, शेवट परिणामकारक. वाचकांकडून तक्रार कधी आली नाही.

ती आली आमच्याच छापखान्यातून. आमचे मुख्य कंपोझिटर कर्जतकडच्या एका खेड्यातले, शेतकरी घरातले. वय पन्नाशीच्या अलीकडे. सगळे त्यांना मामा म्हणत. शाळा दुसरीत सुटलेली. वाचन पक्के झाले ते छापखान्यात, शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे छपाईच्या उलट्या अक्षरांवर. त्यामुळे छापील मजकूर ते उलटासुद्धा सरळ वाचत, पण टाक हातात घेऊन चार ओळी लिहिण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. सही करत, तेवढेच. शनिवारी संध्याकाळचा पहिला खेळ त्यांनी कधी चुकवला नाही. सर्वांत पुढचा बाक, पडद्यापासून आठ-दहा हातांवर.

एका सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन ते म्हणाले, “भाऊसाहेब, शनवारी बघितला त्यो खेळ.”

“कसा आहे?”

“खेळ चांगला हाय. पन ती बाई शेवटाला मरती. तुमी तिचं लगीन लावलंय.”

अंक काढून पाहिला. ‘अखेर प्रेमी युगुलाचा सुखद विवाह होतो’ असे माझ्याच शब्दांत होते आणि ते मामांनीच जुळवले होते.

“आता काय करायचं, मामा?”

“आता लावलंय तर नांदवा,” ते म्हणाले आणि आपल्या खिळ्यांच्या खणांपाशी गेले. छपाईच्या यंत्रावरचे गृहस्थ बराच वेळ हसत होते.

त्यानंतर दर सोमवारी कंपोझिंगच्या खोलीत मामा उभ्या उभ्या खिळे जुळवत आणि शनिवारच्या खेळावर बोलत. हात थांबत नसे. त्यांची मते ठाम होती आणि कौतुक करताना ते हात आखडता घेत नसत. एका पौराणिक चित्रपटाविषयी ते म्हणाले, “देव लई देखना हुता. पन आभाळातून उतरताना दोरी दिसली. मी म्हनतो, देवानं जिन्यानं यावं की! काय कमीपना हाय त्यात?” एका सामाजिक चित्रपटातली गरीब नायिका भाकरी करताना पीठ लावत नाही, हे त्यांना आठवडाभर खुपत होते. “समदं झ्याक हाय. रडती झ्याक, गाती झ्याक. तिला भाकर शिकवा कुनीतरी.” एका गाण्याबद्दल म्हणाले, “माझ्या शेजारी कॅम्पातला शिपाई हुता, पंजाबकडचा. काडी वढली त्यानं, पन शिग्रेट पेटवायची इसरला. बोट भाजलं तवा शुद्धीवर आला.”

हिंदी कितपत समजते, असे मी एकदा विचारले.

“कळत न्हाई तितं मी गप ऱ्हातो. मंग कळतं.”

मी हे ऐकत असे आणि त्यातले काहीच सदरात घेत नसे. आमच्या संपादकांनी, म्हणजे मालकांनी, शिकवलेला पहिला नियम असा होता की लिहिणाऱ्याने मध्ये यायचे नाही. विशेषणे कमी, उद्गार नाहीत. मामांच्या बोलण्यात दुसरे काहीच नव्हते.

मग तो चित्रपट आला. पलटणीत गेलेल्या एका टपालवाल्याच्या बायकोची गोष्ट. त्याची पत्रे येतात, तिला वाचता येत नाही, शेजारी वाचून दाखवतो आणि त्याला वाटेल तेच वाचतो. युद्धाच्या दिवसांत गावोगाव चालणारच असा विषय होता. नगरमध्ये क्वचितच घडे ते घडले, खेळ दुसऱ्या आठवड्यालाही राहिला. मामांनी तो दोनदा पाहिला. दुसऱ्या सोमवारी ते नेहमीसारखे बोलले नाहीत. दुपारी माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

“भाऊसाहेब, या वेळचं मी सोता जुळवू का?”

“म्हणजे?”

“म्हंजे माझंच. मनातलं. कागदावर न्हाई जमत मला. स्टिकमधी खिळं जुळवून जमंल.”

मी कारण विचारले. त्यांची बायको गावी शेत पाहत असे. दर शुक्रवारी मामा एक अंक कर्जतच्या मोटारीने धाडत आणि तिथले शाळामास्तर तो तिला वाचून दाखवत. “दर खेपेला इचारती,” मामा म्हणाले, “यातलं तुमचं कंचं? मी म्हनतो, समदं मीच जुळवलंय. ती म्हनती, जुळवलंय वो, पन तुमचं कंचं? बारा वर्सं झाली. एकदा दावायचंय तिला.”

खेळ तिसरा आठवडाही राहणार असे टॉकीजवाले म्हणत होते, म्हणजे अभिप्राय शिळा ठरणार नव्हता. मी हो म्हटले. मालकांना सांगितले, ते म्हणाले, “करा, पण जबाबदारी तुमची.”

मंगळवारी आणि बुधवारी आपले काम संपवून मामांनी तो मजकूर जुळवला. कागदाच्या टंचाईमुळे गॅलीची, म्हणजे पानात बसवण्याआधीच्या सुट्या मजकुराची, प्रुफे काढणे आम्ही बंद केले होते. पान बांधले की एकदाच प्रूफ निघे. म्हणून मी तो शिशातच वाचला. वीस-बावीस ओळी होत्या. सगळ्या त्यांच्या बोलीत. मी चार ठिकाणचे ‘लई’ काढायला सांगितले, त्यांनी दोन काढले. खाली सही होती, ‘कर्जतकडचा एक प्रेक्षक’. वाचताना माझे लक्ष चुकांकडे होते. चूक एकही सापडली नाही.

त्या दिवशी आठवडी बाजाराला आलेल्या गावच्या माणसाकडे मामांनी निरोप दिला, की या शुक्रवारच्या अंकात तिसऱ्या पानावर तळाला बघा.

गुरुवारी दुपारी पाने बांधून झाली होती. तेवढ्यात टॉकीजचे व्यवस्थापक सायकलवरून आले. चित्रपटाची प्रत सोलापूरला पाठवण्याची तार आली होती. शनिवारपासून दुसरा खेळ. जाहिरात बदलायची होती आणि नवी जाहिरात जुनीच्या दुप्पट होती. त्यांनी नव्या खेळाची चोपडी माझ्या टेबलावर ठेवली.

जागा दोन ठिकाणी निघू शकत होती. दुसऱ्या पानावर नगरपालिकेच्या सभेचा वृत्तांत होता, माझा, दीड स्तंभ. नळाच्या पाण्यावरची चर्चा. त्यातला तपशील कमी करून जाहिरात तिकडे नेता आली असती. किंवा मामांचा मजकूर काढायचा. तो चित्रपट शनिवारी गावातून जाणार, म्हणजे त्याच्यावरचा अभिप्राय निरुपयोगी. हा विचार करायला मला मिनिटभरही लागले नाही.

“मामा, तळचं काढा. खेळ बदलला.”

त्यांनी विचारले, “समदं?”

“सगळं. त्या जागी जाहिरात आणि चोपडीवरून मी दहा ओळी देतो. आणि सोडून टाका, खिळे लागतील.”

सोडणे म्हणजे बांधलेला मजकूर मोडून एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकणे. आमच्याकडे खिळे मोजकेच. जुने सोडल्याखेरीज नवे जुळत नसे, म्हणून ही आज्ञा मी दिवसातून दहा वेळा देत असे. ‘बांधून बाजूला ठेवा’ असेही म्हणता आले असते. सुतळीने बांधलेला मजकूर फळीवर कितीही दिवस राहतो, आणि खिळे कमी पडले असते तर वृत्तांतातून मिळाले असते. तोंडातून सवयीचे वाक्य गेले.

मामांनी ओळी डाव्या हातात घेतल्या. सोडणी शेवटच्या ओळीपासून होते. कंपोझिटर ओळ वाचतो, शब्द चिमटीत धरतो आणि खिळे खणांत टाकत जातो. मामांना तो शब्द पुटपुटण्याची सवय होती. त्या दिवशीही ते पुटपुटत होते. पहिल्यांदा ‘कर्जतकडचा एक प्रेक्षक’ गेला. मग त्याच्या वरची ओळ, मग त्याच्या वरची. मी चार हातांवर बसून नव्या खेळाची कथा चोपडीतून उतरवून घेत होतो आणि मागून पुढे मोडत जाणारा तो मजकूर माझ्या कानावर पडत होता. खिळे खणात पडल्याचा टिकटिक आवाज मध्ये मध्ये येई.

त्यातले मला आज आठवते ते एवढेच. ती बाई पत्र उलटं धरती आन तसंच बघत बसती, आमच्याकडच्या बायकाबी तसंच धरत्यात. तितं कुनी रडू नगा, पुढं रडायचं हाय. आणि शेजाऱ्याविषयी एक ओळ होती, की त्यो खोटं वाचतो पन त्याचा आवाज खोटा न्हाई, म्हनून राग धरता येत न्हाई. या ओळीत शब्द असेच होते की मी मागून नीट केले आहेत, हे सांगता येत नाही.

नवी जाहिरात मामांनी उत्तम जुळवली. चौकटीला फुलांची नक्षी लावली, चारही कोपरे बिनचूक मिळवले. अंक वेळेवर निघाला.

पुढच्या सोमवारी मी त्यांना म्हटले, “मामा, ते पुन्हा जुळवा. कुठेतरी घालू.”

“ते गेलं खनात,” ते म्हणाले. “तवा आलं तसं आता न्हाई यायचं, भाऊसाहेब.” आवाजात राग नव्हता. शनिवारी आलेला नवा खेळ कसा होता, असे विचारल्यावर म्हणाले, “बरा हाय.” याआधी त्यांनी कोणत्याही चित्रपटाला बरा म्हटले नव्हते. सोमवारचे बोलणे तिथे संपले. ते टॉकीजला जात राहिले, यंत्रावरच्या गृहस्थांनी छेडले, “मामा, देव जिन्यानं आला का या वेळी?” तरी हसून खिळे जुळवत राहिले.

महिन्याभराने ते गावी जाऊन आले. मी न राहवून विचारले, तो अंक घरी पोचला होता का.

“पोचला की. मास्तरांनी समदा वाचला. बाजारभाव वाचला, तुमची ती नळाची सभा वाचली. तिसरं पान दोनदा वाचलं. आता गेल्यावर तिनं इचारलं, यातलं तुमचं कंचं.”

“मग?”

“मी म्हनलं, ती चौकट माझी. फुलाफुलांची.”

“काय म्हणाल्या?”

“म्हनाली, चांगली हाय. कापून ठिवलीय तिनं.”

युद्ध संपल्यावर मामा गावी परतले आणि मी पुण्याच्या एका दैनिकात गेलो. तिथे पुष्कळ चित्रपट प्रत्यक्ष पाहून लिहिले. तो टपालवाल्याचा चित्रपटही एका सकाळच्या खेळाला लागला तेव्हा पाहिला. छायाचित्रण साधारण, संवाद लांबलेले, शेजाऱ्याची भूमिका ठीक. बाई पत्र उलटे धरते तिथे सभागृहात काही जण रडले. मी रडलो नाही. पुढे एक जागा येणार आहे हे मला ठाऊक होते आणि ती कोणती, हे मी शेवटपर्यंत शोधत होतो. मामांच्या मजकुरात ती सांगितलेली होती. सुरुवातीच्या ओळींत असावी; तिची पाळी आली तेव्हा मी ऐकत नव्हतो.

तो अंक माझ्याकडे आहे. दुसऱ्या पानावर नळाच्या पाण्याची चर्चा पूर्ण दीड स्तंभ आहे. तिसऱ्या पानाच्या तळाला फुलांची चौकट आहे आणि तिच्या शेजारी न पाहिलेल्या चित्रपटावरच्या माझ्या दहा ओळी. त्या लिहिताना टाक माझ्या हातात होता, समोर कागद होता, आणि मामा चार हातांवर एकेक शब्द पुटपुटत होते. मी फक्त चोपडी बाजूला सारून ते उतरवून घ्यायचे होते.